मास्तर गोठ्यात

उत्रोलीहून पार्वतीवहिनी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी जेवत होतो. घास हातातच राहिला, आणि आधी आठवलं ते वीस वर्षांपूर्वी त्यांनी मला म्हशीशेजारी बसवलं ते! महिना झाला, अजून तेच आठवतंय...

त्यांची लेक सुंदरा तेव्हा नऊ वर्षांची, बोलताना अडखळायची. शाळेत पाढा विचारला की पोरी हसत, ही गप्प. शेवटी दादांनी, म्हणजे माझ्या चुलतभावाने, तिला घरी बसवलं. वहिनींनी भांडून एक वर्ष मागून घेतलं. तोंडी परीक्षा देऊन चौथीत गेली तर शाळा, नाहीतर वैशाखात लग्न. शिकवायला मी, मॅट्रिकला दोनदा आपटलेला; दुसरा विद्वान घरात नव्हता.

मी तांबड्या शाईने वेळापत्रक आखून भिंतीला डकवलं. सात ते आठ पाढे. आठ वाजले तरी पोर पहिल्या अक्षरावरच, आणि मी कपाळ बडवतोय. पंधरा दिवसांनी ओरडलो, "वहिनी, हिला काही येत नाही!"

त्या भाकरी थापत होत्या. वळल्याही नाहीत. "माझी पाठ असली की सरळ बोलती ती. तुमी टकामका बघताय, भावजी, म्हणून वाचा बसती तिची. उद्यापास्नं गोठ्यात बसा."

"गोठ्यात? मी मास्तर आहे!"

"म्हस काय म्हनत न्हाई."

बसलो. कुडाच्या भिंतीपलीकडून अडीचकीचा पाढा घडाघडा आला, अलीकडे माझ्या तोंडावर शेपटी. धारेच्या वेळी शिकवणी बंद, कारण म्हैस माझ्या आवाजाने पान्हा चोरायची. माझ्या वेळापत्रकाचं वहिनींनी चुलीत काय केलं ते विचारलं नाही.

परीक्षेला भोरच्या शाळेत तपासनीस आले. सुंदराची अडचण त्यांना समजावण्याचं काम माझं. मी शिक्षणपद्धतीवर असं व्याख्यान झोडलं की साहेब चष्मा पुसून सुंदराकडे निरखूनच पाहू लागले. पोर गप्प. दादा जायला उठले. तेवढ्यात दारातून वहिनी म्हणाल्या, "सायेब, जरा भिंतीकडं त्वांड करा."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. पण साहेब वळले.

"भावजी, तुमी बी. आन् आवं, तुमी बी!"

दादाही वळले. मग सुंदराचा आवाज, एकही अक्षर न अडता. मला राहवेना, मान तिरकी करून पाहिलं. साहेब भिंतीकडे, दादा भिंतीकडे, आणि दारात वहिनीसुद्धा पाठ करून उभ्या. पदर तोंडाशी, खांदे हलताहेत. वर्षभर लेकीचा शब्द न् शब्द त्यांनी असाच ऐकला होता. बोलताना पोरीचा चेहरा कसा फुलतो, ते पाहिलं फक्त मी, चोरून. आणि ते वहिनींना सांगायचं राहूनच गेलं.