नावापुढं काय लावायचं

पोलीस ॲक्शननंतर आमच्या गावात पक्षाचा पहिला झेंडा लागला तो माझ्या सासऱ्यांच्या ओसरीवर. तेव्हापासून घर पक्षाचं. बैठका ओसरीवर, आम्ही बायका आत चुलीपाशी. उमेदवार दारात आला की ओवाळायचं, पक्षाला आमचं एवढंच काम. मग कायदा बदलला आणि पंचायत समितीचा आमचा गण, म्हणजे मतदारसंघ, बायकांसाठी राखीव सुटला. खुलताबादेहून पक्षाचे तालुकाध्यक्ष आले, माझ्या मालकांना म्हणाले, "आता घरातूनच उमेदवार द्या."

मालकांनी आत माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "उभी राहीन. पण भाषण माझं मी करीन." अध्यक्ष हसले. मालक हसले नाय, त्यांनी मान डोलावली.

अडचण भलतीकडंच निघाली. मालक म्हणजे पक्षाचा आवाज. घोषणा द्यायला त्यांना पार शेंद्र्यापर्यंत न्यायचे. 'साहेब आगे बढो' म्हणाले की चालता बाजार थांबायचा. पण माझं नाव त्यांनी उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. मला 'अगं', आणि चारचौघांत 'आमच्या घरात'. त्यात पक्षाचा वरून निरोप आला, बाई उमेदवार असली की नावापुढं 'ताई' लावा. आता नवऱ्यानं बायकोला ताई म्हणायचं कसं, ते काय त्यांनी कळवलं नव्हतं.

प्रचाराच्या पहिल्या फेऱ्यांना मालक जीपमध्ये नुसते बसून. लोक बोलायला लागले. समोरच्या पक्षातला एक जण, नात्यानं माझा दीरच, पारावरून मोठ्यानं म्हणाला, "वहिनी, घरचंच मत फुटलं वाटतं. दादा तुमच्यासाठी तोंड उघडीनात."

बाया पदराआड हसल्या. मीही हसले, पण मनात आलं, पक्षाचा आवाजच माझ्यासाठी गप्प, तर मला मत कोण देणार?

अध्यक्षांनी मालकांना बाजूला घेतलं. "भाऊ, ताई नको तर अक्का म्हणा."

"अक्का म्हणजे तरी काय, थोरली बहीणच की."

"मग वहिनी म्हणा, सगळं गाव म्हणतंय."

"गावाची असंल. माझी कशी?"

शेवटची फेरी बाजाराच्या दिवशी. जीप थांबली. मालकांनी टोपी सारखी केली, भोंग्याचा माईक हातात घेतला आणि माझं नाव घेतलं. नुसतं नाव, मागं नाय, पुढं नाय. कुणाला हाक मारली म्हणून मीच वळून बघितलं. त्या आवाजात माझं नाव कधी ऐकलंच नव्हतं ना.

चालता बाजार थांबला. अध्यक्ष खालून म्हणाले, "भाऊ, पुढं काहीतरी लावा."

मालक माईकवरच बोलले, "ती तुमची कोण लागते ते तुम्ही लावा. मी नाव घेतो."

आणि पुन्हा नाव घेतलं, आधीपेक्षा मोठ्यानं. भाजीवाल्या बायांतून आलं, "ताई." दर्ग्याच्या गल्लीतली पोरं ओरडली, "खाला." कुणाची मामी झाले, कुणाची काकू. पारावरचा दीरसुद्धा सवयीनं "वहिनी" म्हणून बसला, मग त्याच्याच पक्षाची माणसं त्याला हसली. मालकांचा घसा बसला तरी ते थांबेनात. मी हात जोडून उभी, मान ताठ. आत्ता सांगतानाही छाती भरून येते.

मी लई मतांनी निवडून आले. पुढं तालुक्यात पक्षानं जिथं जिथं बाई उभी केली, तिथं अध्यक्ष तिच्या नवऱ्याला आधीच बजावायचे, "तुम्ही फक्त नाव घ्या. बाकीचं लोक लावतील."