धैर्यशीलरावांची धावपट्टी

लखनऊच्या जानकीपुरममध्ये धैर्यशीलरावांचं घर विचारलंत तर कुणीही सांगेल, ज्याच्या मागे बांबूवर परकर फडकतोय ते. तो परकर नव्हे, पण ते पुढे येईलच.

धैर्यशीलराव मूळचे कऱ्हाडचे. हवाईदलात अठ्ठावीस वर्षं काढली, पण विमानात बसायला नव्हे. धावपट्टी झाडूनपुसून, डागडुजी करून ठेवायला. त्यामुळे माणसाचा स्वभावही सपाट आणि सरळ झाला. घरात चटई अंथरायची तरी आधी वारा कुठून येतो ते बघणार. निवृत्तीनंतर लखनऊलाच राहिले आणि मागचा प्लॉटही घेऊन ठेवला, मुलगा प्रणव तिथं घर बांधील म्हणून. प्रणवनं नोएडाला फ्लॅट घेतला. मागच्या जागेत मग मालिनीबाईंचं वाळवण आणि शेजारच्या मिश्रांची मांजर सुखानं नांदायला लागली.

नात अवनी दर उन्हाळ्यात महिनाभर यायची. यंदा मार्चमध्येच तिनं फोनवर सांगून टाकलं, “आजोबा, चार दिन के लिए आऊँगी. वहाँ करने को क्या है?” पोर पंधरा वर्षांची झाली होती, शाळेच्या बॅडमिंटन संघात होती, सराव बुडवायचा नव्हता. धैर्यशीलरावांनी फोन ठेवला, निम्मा चहा तसाच सोडला आणि मागे जाऊन पावलं मोजायला लागले. मालिनीबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि कुरडयांसाठी भिजत घातलेला गहू झाकून ठेवला. नवरा पावलं मोजायला लागला की घरात काहीतरी सिमेंटचं होतं आणि महिनाभर धूळ खावी लागते, हे त्यांना बेचाळीस वर्षांत पाठ झालं होतं.

कामाला इदरीस मिस्त्री आला. त्यानं एका शाळेचं बॅडमिंटन कोर्ट केलेलं होतं. जागा पाहून तो म्हणाला की कोर्ट उत्तर-दक्षिण घ्या, नाहीतर ऊन डोळ्यांत जाईल आणि वारा खेळू देणार नाही. धैर्यशीलराव हसले. म्हणाले, “इदरीसभाई, अठ्ठाईस साल हवाई पट्टी पर रहा हूँ. पट्टी हमेशा हवा की सीध में बिछती है.”

“साहब, वो जहाज़ के लिए,” इदरीस म्हणाला, “यहाँ तो चिड़िया उड़ेगी.”

बॅडमिंटनच्या फुलाला तिकडे चिड़िया म्हणतात. पण साहेबांनी ऐकलं नाही. लखनऊला उन्हाळाभर वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून कोर्ट पूर्व-पश्चिम घातलं. सिमेंट झालं, पंधरा दिवस पाणी मारून झालं, हिरवा रंग झाला, पांढऱ्या रेघा झाल्या. त्या रेघा त्यांनी स्वतः गुडघ्यावर बसून मारल्या आणि नंतर दोन दिवस जेवायलाही तसेच वाकून येत होते.

आता धावपट्टी म्हटली की वारा दाखवणारा कापडी मोजा हवाच. मालिनीबाईंचा केशरी परकर जुना झाला होता. त्याचा त्यांनी मशीनवर लांब नळा शिवून दिला. तो बांबूच्या टोकाला चढला आणि आठ दिवसांनी शेजारच्या मिश्राइनबाई भिंतीवरून काळजीनं विचारत्या झाल्या, “भाभीजी, आपका पेटीकोट सूखता काहे नहीं?”

मे महिन्यात अवनी आली. प्रणव तिला सोडून त्याच रात्री परतला. चार दिवसांनी रविवारी न्यायला येणार होता. सकाळी सहाला आजोबा पांढरी चड्डी घालून पश्चिमेच्या टोकाला उभे राहिले. वारा पाठीशी. पहिलं फूल मारलं ते मिश्रांच्या गच्चीवर. दुसरंही. तिसरं कुठं गेलं ते मिश्रांनाही सापडलं नाही. मग टोकं बदलली. आता आजोबांनी मारलेलं फूल जाळीपर्यंत जायचं, तिथं थबकायचं आणि त्यांच्याच पायाशी परत यायचं. अवनी जाळीला धरून हसत होती. हसून झालं, तेव्हा मात्र बॅग आवरायला आत गेली आणि म्हणाली की या कोर्टावर सराव होणार नाही, पप्पांना उद्याच बोलवून घेते.

धैर्यशीलराव बाकावर बसले. त्यांची नजर केशरी मोज्यावर होती आणि मोजा पूर्वेकडे सरळ ताठ उभा होता, आणखी वारा हवा का विचारत असल्यासारखा.

मालिनीबाई तेव्हा पश्चिमेच्या रेघेमागे कुरडया घालत होत्या. गुळगुळीत, दिवसभर तापणारं सिमेंट. असं वाळवण त्यांना जन्मात मिळालं नव्हतं. हात पुसून त्यांनी आजोबांची रॅकेट उचलली आणि अवनीला हाक मारली. “चल, एक डाव माझ्याशी. मी मात्र इथंच उभी राहणार. कुरडयांवर कावळे बसतात.”

अवनीनं दया म्हणून होकार दिला.

मालिनीबाईंनी आयुष्यात रॅकेट धरली नव्हती, पण तव्यावरचा फुलका बोटानं हलकेच दाबून फुगवायची सवय होती. त्यांनी फुलाला बोट लावावं तेवढीच हलकेच रॅकेट टेकवली. पुढचं काम वाऱ्यानं केलं. अवनी जीव खाऊन मारायची तेव्हा फूल कसंबसं जाळीपलीकडे टपकायचं, आणि आजी पदर खोचून ते नुसतं परत लोटायची. एकवीस-नऊ. मधे दोनदा आजीनं कावळाही हाकलला.

अवनीनं मनगट चोळलं. आजोबा म्हणाले, टोकं बदला, नियमच आहे. ती तडकली. “साइड बदलके आजी को हराया तो क्या हराया? यहीं से हराके जाऊँगी.”

रविवारी प्रणव आला आणि एकटाच परत गेला. पुढच्या रविवारी तो येणार, तर अवनीनंच फोन करून नको म्हटलं. रोज सकाळी डाव व्हायचा. एकवीस-बारा, एकवीस-सोळा, एकदा तर एकवीस-एकोणीस. कुरडया वाळून डब्यात गेल्या, मग सांडगे, मग पापड. आजोबा पंच म्हणून बाकावर बसायचे, पण लक्ष मोज्याकडे. वारा फिरला तर पोर जिंकेल, आणि जिंकली की जाईल. रोज उठल्याउठल्या आधी ते मोजा बघायचे, मग दात घासायचे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी ते बाहेर आले आणि उभेच राहिले. हवा दमट झाली होती. केशरी मोजा पश्चिमेकडे शेपूट करून झुलत होता. पुरवा, म्हणजे पूर्वेचा वारा, सुटला होता.

त्यांनी घाईनं मालिनीबाईंना गाठलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, “अगं, आज गुडघा दुखतोय म्हण.”

मालिनीबाईंनी फडताळातून लाल मिरच्यांची पिशवी काढली, बाहेर गेल्या आणि पूर्वेच्या रेघेमागे जुन्या धोतरावर मिरच्या पसरायला लागल्या.

धैर्यशीलराव मागोमाग गेले. “वाळवण तर परवाच संपलं ना? आणि या दमट हवेत मिरच्या कसल्या वाळताहेत?”

“वाळू देत की न वाळू देत,” त्या म्हणाल्या, “मला राखण करायला इथं उभं राहायला नको का?”

अवनी रॅकेट घेऊन आली. तिनं वर मोज्याकडे पाहिलं, मग मिरच्यांकडे, मग आजीकडे. बराच वेळ पाहिलं. आणि पश्चिमेच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

एकवीस-अकरा, आजीच जिंकली. मिरच्यांना बुरशी आली, त्या टाकाव्या लागल्या.