पक्याचं सांबर आणि माझं तोंड

पक्या चार वर्षं सांबराच्या मागे फिरला आणि एकही न मारता मेला.

आज वर्ष झालं.

सकाळपासून ग्रुपवर तुमचं जे चाललंय ते वाचतोय. "नेव्हर गिव्ह अप!" हात जोडलेले, दंड फुगवलेले. एकाने तर हरणाचा फोटो टाकलाय, खाली "आपला लेजंड शिकारी".

अरे, ते चितळ आहे. अंगावर ठिपके दिसत नाहीत का? चार वर्षं तो माणूस तुम्हाला सांबर, सांबर सांगत होता. एवढंही लक्षात राहिलं नाही?

आणि तो दरवर्षी ऑस्ट्रेलियाहून रिकाम्या हाताने आला की "काय रे, यंदा तरी मटण?" म्हणून दात काढणारे तुम्हीच. जसं काही चांगी विमानतळावर ते मटण आत येऊच देणार होते!

मीही तुमच्यातलाच. तुमच्याहून वरचढ.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पक्या मूळचा भंडाऱ्याचा. इथे चोआ चू कांगला राहायचा, पाया लेबारच्या एका ऑफिसात इंजिनियर. लहानपणी गावच्या जंगलात सांबराचा ओरडा ऐकलेला. आपल्याकडे शिकार बंद. पण तीच सांबरं कधीकाळी ऑस्ट्रेलियात नेऊन सोडलीत, तिथे ती माजलीत आणि लायसन्स काढून रीतसर मारता येतात.

हे कळलं आणि हा गडी कामातून गेला.

तयारी तर बघण्यासारखी. पाठीवर दहा किलो तांदळाची पिशवी घेऊन बुकित तिमाचा डोंगर चढायचा. डोंगर म्हणे! टेकडी ती. बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, तासभर न हलता बसायची प्रॅक्टिस. एकदा एका चिनी आजींना वाटलं याला स्ट्रोक आलाय. त्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली.

शेवटच्या सीझनला मी सोबत गेलो. मला शिकारीत काडीचा रस नाही. पण त्याच्या हृदयात स्टेंट घातल्यावर सविता वहिनींनी त्याला बजावलं होतं, "हे शेवटचं. आणि एकटं जायचं नाही."

विमानात मी विचारलं, "मी काय करायचं तिथे?"

"काही नाही रे. फक्त गप्प राहा."

आठ दिवसांची ट्रिप. व्हिक्टोरियातले थंडगार डोंगर. आणि सहा दिवस काही म्हणजे काही नाही. लांबून एकदम "पोंक्" असा ओरडा, झाडीत धडधड, संपलं. आपला वास लागला की सांबर थांबत नाही. म्हणून साबण बंद, डिओ बंद. आणि हा बाबा दर दहा पावलांना हवेत पावडर उडवून वारा बघतोय.

संध्याकाळी मी वैतागायचो. "पक्या, बास झालं. घरी जाऊ."

"अरे, आज लेंड्या ताज्या होत्या."

लेंड्या! चार वर्षांची कमाई काय, तर लेंड्या. पाचव्या दिवशी चिखलात एक खूर उमटलेला दिसला, तर त्यावरही खूश. तुम्ही ते मोटिव्हेशन मोटिव्हेशन करताय ना, ते त्याचं एवढंच होतं. आज काय दिसलं ते सांगायचा आणि उद्याचा अलार्म लावायचा. भाषण नाही की काही नाही.

सातव्या दिवशी सकाळी माझी तेलाची बाटली सापडेना. हिरवं मेडिकेटेड ऑइल, इथे घरोघरी असतं ते. गुडघ्यांना रोज सकाळी चोळून निघायचो. सगळी बॅग उपसली, पक्यावर खेकसलो.

"पडली असेल कुठे," तो म्हणाला. "चल, आज हळू चालू."

आणि त्याच सकाळी सांबर दिसलं.

चाळीस पावलांवर. चांगला थोराड नर. आमच्याकडे लक्षच नव्हतं त्याचं. पक्याने इतक्या सावकाश रायफल उचलली की मला कळलंही नाही.

मी ओरडलो, "पक्या, ते बघ!"

हॉकर सेंटरमध्ये जेवायला टेबल रिकामं दिसलं की बायकोला हाक मारतो ना, तसा.

गेलं.

पक्याने रायफल खाली ठेवली. मला वाटलं, आता आईबहीण काढणार. तो म्हणाला, "केवढं होतं रे बाप्पा! बघितलंस ना?"

परत आल्यावर आपण सगळे सेरंगूनला जेवायला जमलो होतो. आठवतंय? तुम्ही विचारलंत काय झालं, आणि पक्या तोंड उघडायच्या आत मी सांगून टाकलं, "चाळीस पावलांवर होतं. साहेबांचा नेम चुकला!"

टेबल बडवून हसलात तुम्ही.

पक्या समोरच बसला होता. म्हणाला, "हो ना. हात हलला."

दोन महिन्यांनी तो गेला. शोकसभेतसुद्धा कोणीतरी तोच किस्सा सांगितला आणि मी मान डोलावली. इतका हलकट माणूस मी.

काल त्याची मुलगी सई कपाट आवरत होती. मला बोलावून घेतलं आणि एक हिरवी बाटली हातात ठेवली.

"अंकल, धिस वन युअर्स, राइट? पप्पांच्या हंटिंग जॅकेटमध्ये होती. लीक झालीय. होल कबर्ड स्मेल्स लाइक यू, ला."

सहा दिवस तो वारा तपासत होता, आणि वास माझ्या गुडघ्यांना येत होता. मला तेव्हा वाटलं, औषधाचा वास थोडाच धरतात! त्याला कधी कळलं, देव जाणे. कळल्यावर त्याने बाटली गुपचूप खिशात टाकली आणि गुडघे दुखतील म्हणून मला म्हणाला, हळू चालू.

तर ग्रुपवरच्या समस्त शहाण्यांनो, नीट वाचा. पक्याचा नेम चुकला नव्हता. त्याने गोळी झाडलीच नाही. मी झाडू दिली नाही.

आणि ते चितळ काढा आधी तिथून.

पक्या, तू मला एकच गोष्ट सांगितली होतीस, गप्प राहा म्हणून. जिथे राहायचं तिथे ओरडलो. आणि जिथे बोलायचं तिथे वर्षभर गप्प राहिलो.

माफ कर.

येतो, मित्रा.