झोंबेल ते औषध

वडगावच्या आमच्या घरात आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, नियम ठरलेला होता: झोंबेल तेच औषध. विणताना मागावर बोट कापलं की ते बाटलीतलं हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचे, फेस वर येईपर्यंत दात आवळायचे आणि समाधानानं म्हणायचे, "घाण निघाली."

दोन वर्षांपूर्वी चपलेचा खिळा त्यांच्या पायाच्या अंगठ्याला लागला. साखरेचा आजार जुना, त्यामुळं जखम भरेना. डॉक्टरांनी सलाइननं धुऊन पट्टी बांधायला सांगितलं; दुसरं काही लावू नका म्हणाले. धुवायचं काम माझं.

"झोंबत न्हाय रं काय. नुसतं पाणी हाय हे."

"सलाइन आहे, आप्पा."

"म्हंजे मिठाचं पाणी. आमटी घाल की त्यापरीस, तिखट तरी लागंल."

आई हसली. मीही हसलो.

एका सकाळी त्यांच्या हाताच्या बोटांची टोकं चुन्यासारखी पांढरी दिसली. विचारल्यावर म्हणाले, "लई झोंबाय लागल्यात. औषध जोरदार हाय." सूत पांढरं करायला आणलेल्या कॅनमधलं पेरॉक्साइड त्यांनी अंगठ्यावर ओतलं होतं. जखमेसाठी मिळतं ते तीन टक्क्यांचं. कॅनवर पन्नास छापलेलं होतं.

"आणि अंगठा?"

"त्यो कुठं झोंबतोय? म्हणून तर परत ओतलं."

पट्टी सोडली. अंगठ्याचं मांसही तसंच पांढरं पडलं होतं.

डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला लावले आणि तळव्याला जागोजागी टाचणी लावली. "कळतंय का?" आप्पा वाट बघत राहिले, त्यांना वाटलं, अजून लावलीच नाही. मग डॉक्टर म्हणाले, "जंतू मारणारं एवढं कडक औषध चांगलं मांसही मारतं. आणि मरताना सांगायला तुमच्या पायात आता जाणीव उरली नाही."

अंगठा काढावा लागला. पाय वाचला.

कित्येक वर्षं आप्पा सुताच्या हौदातलं पाणी बोट बुडवून पारखायचे, थर्मामीटरला हसायचे. आता आंघोळीआधी बादलीपाशी उभे राहतात आणि मला हाक मारतात. मी कोपर बुडवून बघतो.

पहिल्या दिवशी मी म्हणालो होतो, "तुम्हीच पाय घालून बघा की."

"नको रं," ते म्हणाले. "त्याला इचारू नको. त्यो खोटं बोलतोय."