गजूने तेल लावलेला चाकू

बोरी अरबच्या बाजारात कोणाला रोजच्या कामाचा घडीचा चाकू घ्यायचा असला, की मला सोबत नेतात. फौजी आहे, याले समजते, असं लोकांना वाटतं. मी दोनच गोष्टी पाहतो. पातं एका हाताने उघडतं का, आणि उघडल्यावर घट्ट लॉक होतं का. चमक आणि नक्षी गेली खड्ड्यात! "एकाच हातानं कायले, भाऊ?" असं कोणी विचारलं की माझं डोकं फिरतं.

आमची पोस्ट उत्तरेत, डोंगरात होती. लान्स नायक गजानन वणीचा, माझा जिवाभावाचा दोस्त. दोघांकडे एकसारखे चाकू होते, पितळी मुठीचे, नख घालून उघडायचे. गजूची आई दर सुट्टीत त्याला जवसाच्या तेलाची बाटली द्यायची. ते तेल तो रविवारी दोन्ही चाकूंना लावायचा.

"आण इकडं, आळशा. गंज चढवशीन."

एका सकाळी आमची गस्तीची तुकडी परतत होती. नाल्यावरचा लाकडी पूल खचला. बाकी सेक्शन पलीकडे राहिली. गजू ओंडक्यांत अडकला. पाठीवरच्या पिठ्ठूचा पट्टा खाली गुंतलेला, पाणी गळ्याशी. मी पालथा पडून डाव्या हाताने त्याची कॉलर धरली. सोडली असती तर तो बुडाला असता. उजव्या हाताची बोटं थंडीने बधिर झाली होती. पट्टा कापायला चाकूचं पातं दातात धरून ओढलं. हललं नाही. जवसाचं तेल वाळून सांध्यात डिंकासारखं घट्ट बसलं होतं.

पलीकडून सेक्शन कमांडर रेडिओवर बोलत होते. "एक जवान पानी में. रस्सी भेजो. ओव्हर."

"रास्ते में है. ओव्हर."

"उघड न बे," गजू म्हणाला.

"उघडून राह्यलो."

पाणी चढत गेलं. नंतर तो काही बोलला नाही. रस्सी आली तेव्हा त्याची कॉलर माझ्या मुठीतच होती.

दिवाळीनंतर मी वणीला जातो. गजूच्या सामानासोबत त्याचा चाकूही घरी आला होता. त्याची आई तो फोटोखालून काढून माझ्या हातात देते.

"इतकं तेल पाजलं, तरी उघडत नाही बाबू. तू पाह्य न जरा."

मी नख घालून पाहतो. पातं हलत नाही.

"राहू द्या, आई," मी म्हणतो. ती पुन्हा तेलाची बाटली घ्यायला आत जाते.