आईचं मीटर आणि तुझा इन्फ्रारेड

खटपट्या, हे पत्र तू शेवटपर्यंत वाचणार नाहीस. कुठलीच गोष्ट शेवटाला न्यायची तुला सवय नाही. तरी लिहिते, कारण मावशीला तू सांगितलंस म्हणे, "ताई उगाच माझ्यावर खापर फोडते."

तू हुशार, यात वाद नाही. सातवीत बाबांचं बंद घड्याळ उघडून चालू केलंस. झाकण मात्र मी बसवलं. पुढे टाइपरायटर, मग कॉम्प्युटर. जिन्याखालच्या त्या खुराड्यात लोकांनी टाकलेले लॅपटॉप लिनक्स ही फुकटची सिस्टीम घालून जिवंत केलेस. तुझी बायको म्हणायची, "दुरुस्त झालेल्या वस्तूत यांना रसच उरत नाही." तुझ्याबद्दल याहून खरं कोणी बोललं नाही.

आईची साखर वरखाली होत होती. डॉक्टर म्हणाले, साखर मोजायच्या मीटरमधले तीन महिन्यांचे आकडे वेळेसकट आणा, मग इन्सुलिन किती कमी करायचं ते ठरवू. मीटर जुनं, कॉम्प्युटरला आकडे पाठवायला त्याला इन्फ्रारेडची काळी काच, टीव्हीच्या रिमोटला असते तशी. तुझ्या जुन्या लॅपटॉपलाही तशीच. तू खुललास.

"ताई, समोरासमोर ठेवायचे, की झालं!"

"बटण दाबून एकेक आकडा वहीत उतरव ना. अडीचशे असतील. एका सकाळचं काम."

"हातानेच उतरवायचं तर इतकं शिकलो कशाला?"

आणि मीटर खिशात घालून गेलास. मी जाऊ दिलं.

मग रोज फोनवर प्रवचन. आज पोर्ट सापडतच नाही. आज सापडला, पण दुसराच ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारा प्रोग्रॅम, त्याच्यावर ठाण मांडून बसलाय. आज त्याला उठवला, तर इन्फ्रारेडच्या चिपचा ड्रायव्हर चुकीचा. मी विचारायची, आईची साखर कशाने तपासू? "बस, आजचा दिवस." दुसरं मीटर आणते म्हटलं तर, "आकडे दोन ठिकाणी विभागतील, डॉक्टरांना काय दाखवणार?" आणि मी, कॉलेजात पंचवीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेली बाई, ते मान्य केलं. आई तेवढंच इन्सुलिन टोचून घेत होती आणि "मला मेलीला काय होतंय" म्हणत होती.

दहाव्या दिवशी मीटरचं नाव तुझ्या स्क्रीनवर उमटलं. फोनवर ओरडलास. आकडे तेव्हाच उतरवून घ्यायचे की नाही? तू आधी अख्खं लिनक्स अपडेट केलंस, "स्वच्छ सुरुवात करू" म्हणून. नव्या लिनक्समधून इन्फ्रारेडचा भागच काढून टाकलेला. आणि जुनं लिनक्स जागा अडवतं म्हणून तू पुसलेलं. हे तू मला अकराव्या दिवशी सांगितलंस. हसत!

बाराव्या दिवशी सकाळी आई बाथरूममध्ये पडली. साखर अडतीसवर घसरलेली, तीही इस्पितळात मोजली तेव्हा कळली. ती घरी परत आली नाही. तिथल्या बाकावर बसून तू काय म्हणालास, आठवतं? "ताई, तो ड्रायव्हर मिळालाय, वेगळा जोडता येतो." तेव्हा तुझ्या थोबाडीत मारायला हवी होती. हात उचलला गेला नाही, कारण आदल्या संध्याकाळचं आपलं बोलणं मला आठवत होतं.

मी म्हटलं होतं, मरू देत ते आकडे, मी येऊन मीटर घेऊन जाते. दोन गल्ल्यांचं तर अंतर.

"नको ताई, तुझे गुडघे. सकाळी मीच आईकडे पोचवतो."

बरं म्हटलं, आणि पायात घातलेल्या चपला काढून ठेवल्या.