तात्यांनी गाळलेला एक दिवस

धुकं असं दाट उतरलं होतं की समोरच्या दुकानाची पाटीही दिसेना. तात्यांनी लॉन्ड्रीचं शटर वर केलं, बॉयलर चालू केला आणि हॉस्पिटलच्या चादरींचा पहिला गठ्ठा सोडला. आत इस्त्रीची वाफ, बाहेर धुकं. काच दोन्हीकडून आंधळी. तात्यांना ते बरंच वाटलं. आज कुणी आपलं तोंड बघू नये.

गल्लीतले आपले लोक त्यांना पासपोर्टतात्या म्हणत. या देशात येऊन त्यांना एकवीस वर्षं झाली होती, आणि नागरिकत्वाची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेला गल्लीतला पहिला गडी तोच. तेव्हापासून कुणाचा राहण्याचा परवाना असो की बायकापोरांना बोलवायचा अर्ज, कागद आधी तात्यांच्या टेबलावर यायचा. तात्या त्यावरून हलकेच इस्त्री फिरवायचे, मगच चष्मा लावायचे. “सुरकुतलेला अर्ज साहेब वाचतच नाही,” म्हणायचे. लोकांना पटायचं. फक्त तळाशी ‘अर्ज भरायला मदत करणाऱ्याचं नाव’ असा चौकोन असे, तो मात्र तात्या कोराच ठेवायचे.

दोन घरं पलीकडच्या वहिनीचा अर्जही त्यांनीच भरला होता. नवरा वारल्यावर ती हॉस्पिटलात फरशी पुसायची. कायमचा परवाना मिळाला की आजीपाशी ठेवलेली लेक इकडे आणता येणार होती. लेकीला अठरा पुरी व्हायला पाच महिने उरले होते. एकदा ती झाली की नियमानं ते दार बंद.

‘गेल्या पाच वर्षांत देशाबाहेर गेला होतात का?’ या प्रश्नाशी वहिनी अडखळली होती. “एकदा गेले होते, तात्या. पलीकडच्या देशात मामेबहीण बाळंत झाली ना, सकाळच्या बसनं जाऊन संध्याकाळी आले.”

“अहो, त्याला काय जाणं म्हणतात? बाजाराला गेलेला माणूस याहून उशिरा येतो. लिहिलं की उगाच फाटे फुटतात.” आणि तात्यांनी ठसक्यात ‘नाही’ लिहिलं होतं.

काल परवान्याच्या कचेरीतल्या साहेबानं सरहद्दीवरची नोंद समोर ठेवली. दुभाषा म्हणून तात्या शेजारीच बसलेले. साहेबानं विचारलं, “हे खोटं का लिहिलं? कुणी लिहिलं?”

तात्यांनी प्रश्न नीट सांगितला. वहिनी भाबडेपणानं म्हणाली, “मी तुम्हाला सांगितलं होतं ना? तुम्हीच म्हणालात, नको लिहायला. सांगा की त्यांना तसं.”

साहेब पेन उचलून थांबला होता. तात्या म्हणाले, “ती म्हणते, विसरले.”

अर्ज नामंजूर झाला. खुलाशाला पंधरा दिवस. परत येताना बसमध्ये एकच जागा मिळाली, ती वहिनीनं तात्यांना दिली. “तुम्ही एवढं सांगितलंत, तरी मेल्याला दया आली नाही! तुम्ही होतात म्हणून, नाहीतर मी एकटी काय बोलणार होते?”

आता बायको चहा घेऊन दुकानात आली. “काल साहेबाला नक्की काय सांगितलंत?”

“ती बोलली तेच.”

“मग चहा घशाखाली का उतरत नाही?” असं म्हणून ती उसवलेल्या चादरी शिवायला मागच्या खोलीत गेली.

तेवढ्यात धुक्यातून वहिनीच आली, कामावर निघालेली. पिशवीतून तिनं नामंजुरीचा कागद काढला. “उशाशी ठेवला होता, चुरगळला. खुलासा लिहायच्या आधी जरा इस्त्री फिरवा. तुम्हीच म्हणता ना.”

तात्यांनी इस्त्री उचलली. ती कागदावर टेकेना.

“वहिनी, तुम्ही बोललात ते मी साहेबाला सांगितलंच नाही. तुम्ही विसरलात, असं सांगितलं.”

वहिनीला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. “का हो?”

“माझं नाव यायचं. चार लोक मला मानतात...”

“माझी पोरगी तिकडे दिवस मोजतेय, तात्या. आणि तुम्ही माझ्या तोंडी तुमचं खोटं घातलंत?” आवाज चढला नव्हता. चढला असता तर तात्यांना सोपं गेलं असतं.

मागच्या खोलीतलं शिलाईचं यंत्र थांबलं होतं.

तात्यांनी कोरा कागद घेतला. बाईनं खरं सांगितलं होतं, अर्जातलं खोटं माझं, कचेरीत चुकीचं सांगितलं तेही मीच, असं साहेबाच्या भाषेत लिहिलं. खाली नाव, पत्ता, नागरिकत्वाचा नंबर घातला आणि सही केली.

“वाचून दाखवू?”

“नको. वॉर्डातल्या नर्सबाईंकडून वाचून घेते. त्या म्हणाल्या बरोबर आहे, तरच देईन.”

एवढं वर्मी लागेल असं आजवर कुणी बोललं नव्हतं. “घडी पडलीय,” तात्या पुटपुटले, “इस्त्री तरी...”

“राहू दे.” दोन्ही कागद तिनं तसेच पिशवीत कोंबले आणि ती धुक्यात शिरली.

बायको दारात येऊन उभी होती. निवलेला कप तेवढा उचलून नेला.

तात्यांनी पुढची चादर ओढली, चारही टोकं जुळवली, पाणी शिंपडलं आणि मान खाली घालून इस्त्री टेकवली.